होकाराची प्रतीक्षा

होकाराची प्रतीक्षा : प्रेमात किंवा लग्न जुळवताना एकाने विचारल्यापासून दुसऱ्याचे उत्तर येईपर्यंतचा काळ, आणि त्या काळातले विचारणाऱ्याचे वागणे. बोलीत या वागण्याला दोन शब्द आहेत, ‘थांबणे’ आणि ‘मागे लागणे’. दोन्हींची गल्लत फार होते.

हरतालिकेच्या कथेत वडिलांनी विष्णूशी ठरवलेला विवाह टाळून पार्वती सखीबरोबर अरण्यात जाते व शंकरासाठी तप करते. भाद्रपद शुद्ध तृतीयेला ही चिकाटी आजही पुजली जाते. मात्र तिचा सगळा जाच पार्वतीच्या स्वतःच्या देहाला आहे, शंकराला नाही. पडद्यावरच्या नायकांनी पुढे नेमके उलटे गिरवले.

ठरवून होणाऱ्या लग्नात तोंडावर नकार देत नाहीत. पोह्यांच्या बश्या आत जातात, पाहुणे दारात चपला घालता घालता ‘कळवतो’ म्हणतात. आठ-दहा दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप येतो, ‘पत्रिका जमत नाही.’ पत्रिका पाहूनच तर बोलावलेले असते, हे दोन्ही घरांना ठाऊक असते. तरी पुन्हा फोन करायचा नसतो. प्रेमात असा मध्यस्थ नाही. तिथे ‘बघू’, ‘सध्या करिअरवर लक्ष द्यायचंय’ हेच नकार असतात आणि ऐकणारा त्यात आशा शोधत बसतो.

२०१२ मध्ये आलेल्या टिंडर या जोडीदार शोधण्याच्या ॲपवर दोघांनीही पसंती दिल्याशिवाय सहसा संदेश पाठवता येत नाही. २०१४ च्या बंबल या तशाच ॲपने मूळ नियमात स्त्री-पुरुष जोडीतला पहिला संदेश स्त्रीकडे सोपवला, तोही २४ तासांच्या मुदतीत. पहिल्या नकाराची नामुष्की त्याने टळली, वाट पाहणे मात्र जोडी जुळल्यानंतरच्या काळावर गेले. त्याच वर्षी व्हॉट्सॲपवर ब्लू टिक आली : वाचले आहे, उत्तर नाही, इतके मात्र नक्की कळू लागले.

भारतात २०१३ च्या दुरुस्तीने भारतीय दंड संहितेत कलम ३५४-ड आले. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेचे कलम ७८ आहे. स्त्रीने अनिच्छा स्पष्ट दाखवल्यावरही पुरुषाने जवळीक साधण्यासाठी वारंवार पाठलाग करून संपर्क साधणे, तसेच तिच्या इंटरनेट वा ई-मेलच्या वापरावर पाळत ठेवणे हा गुन्हा ठरतो. पहिल्या खेपेस ३ वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास ५ वर्षांपर्यंत कैद व दंड. ‘वारंवार’ म्हणजे किती वेळा, हा आकडा कलमात दिलेला नाही.