पार्श्वभूमी: झाकणाचं भोक, व्हेंटची नळी आणि कॅनिस्टरचा वाद

कार्बोरेटरच्या जमान्यात पेट्रोलच्या टाकीच्या व्हेंटिंगचा, म्हणजे हवा-वाफेच्या वाटेचा, विचार वेगळा करावा लागत नसे. बहुतेक गाड्यांत झाकणालाच बारीक भोक असायचं. पेट्रोल खर्च होईल तशी हवा आत, ऊन चढलं की वाफ बाहेर. ही बेफिकिरी पहिल्यांदा मोडली ती कॅलिफोर्नियात, 1970 च्या मॉडेलपासून, आणि पुढच्या वर्षी सगळ्या अमेरिकेत. झाकण बंद झालं, वाफ कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये जाऊ लागली आणि तिथून ओढून इंजिनात जाळली जाऊ लागली. त्या दशकाच्या मध्यावर, गाडी उलटली तरी पेट्रोल सांडू नये, असेही नियम आले. आपल्याकडे पद्मिनी आणि जीप मात्र पुढे कित्येक वर्षं जुन्याच रिवाजाने धावल्या. 2000 साली युरो-1 च्या धर्तीचे नियम देशभर लागू झाले, त्या सुमारास एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारं) इंजिन आणि कॅनिस्टर नेहमीचे झाले.

गोंधळ सुरू झाला तो ही नवी इंजिनं जुन्या गाड्यांत बसायला लागल्यावर. पद्मिनीत मारुतीचं इंजिन, जीपमध्ये जिप्सीचं, हे प्रकार सावंतवाडी-कुडाळपासून चिपळूणपर्यंत कुठल्याही जाणत्या मिस्त्रीला नवे नाहीत. भंगारातून इंजिन येतं, ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) येतो, वायरिंग येतं. कॅनिस्टर आणि त्यातली वाफ इंजिनाकडे सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह तिथेच पडून राहतात, कारण त्यांच्यावाचून गाडी चालू होते. त्यात इंजेक्शनच्या बऱ्याच जोडण्यांत उरलेलं पेट्रोल रिटर्न लाइनने टाकीत परत येतं आणि येताना बॉनेटखालची उष्णता घेऊन येतं. म्हणजे जुन्या टाकीत पूर्वीपेक्षा जास्त वाफ, आणि तिला वाट तेवढीच.

इथे पहिला वाद: झाकण सील करायचं की नाही? सील करा म्हणणाऱ्यांची बाजू रास्त आहे. विलीज वळणाच्या जीपमध्ये टाकी चालकाच्या सीटखाली असते, वळणावर पेट्रोल हिंदकळून झाकणाशी येतं आणि वास थेट नाकात. पण नुसतं भोक बुजवून थांबणं हा शुद्ध आडमुठेपणा आहे. अशी गाडी घाटात अर्ध्यावर गचके खाते, बंद पडते. झाकण फिरवलं की ‘फुस्स’ करून हवा आत शिरते आणि गाडी निमूट सुरू होते. मग ‘झाकण जरा सैल ठेवा नि जावा’ असा सल्ला मिळतो, म्हणजे बुजवलेलं भोक मोठं करून परत मिळालं. पंप जोरदार असेल तर पत्र्याची टाकी आत चेपलेलीही दिसते. उलट बाजूही आहे. 40 लिटर पेट्रोल 20 अंशांनी तापलं तर जवळजवळ पाऊण लिटर फुगतं. समुद्रसपाटीपासून आंबोलीपर्यंत, साधारण 690 मीटर चढताना, बाहेरच्या हवेचा दाब सुमारे 8 टक्के उतरतो. काठोकाठ भरलेली, सगळीकडून बंद टाकी अशा वेळी कुठून तरी गळणारच.

म्हणून सील झाकणासोबत वेगळी नळी आली. टाकीच्या सर्वांत उंच जागेपासून वर, टाकीच्या माथ्यावर वळसा, तिथे गाडी उलटली की बंद होणारा रोलओव्हर व्हॉल्व्ह, मग खाली चासीबाहेर, सायलेन्सरपासून लांब. यावर आता फारसं दुमत नाही. डिकीत अॅल्युमिनियमची टाकी बसवून नळीचं तोंड डिकीतच सोडणारे अजून भेटतात, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं. तोंडाला पितळेची बारीक जाळी लागतेच. गाडी महिनाभर उभी राहिली की कुंभारीण माशी उघड्या नळीत मातीचं घर करते, आणि मग बंद झाकणाची सगळी लक्षणं परत.

दुसरा वाद कॅनिस्टरचा, आणि तो मिटलेला नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते. हवेत दीड टक्क्याच्या आसपास मिसळली की पेट घेऊ शकते. आपल्याकडे हौसेची गाडी बहुधा मागच्या पडवीत ताडपत्रीखाली असते आणि चार पावलांवर न्हाणीचं चुलवण, सकाळ-संध्याकाळ पेटलेलं. अशा घरी नळी चासीखाली सोडली की काम संपलं असं म्हणता येत नाही. तिथे कॅनिस्टर हवा, आणि तो पर्जसकट हवा. इंजिनाच्या व्हॅक्यूमला न जोडलेला कॅनिस्टर काही दिवसांत वाफेने तुडुंब भरतो आणि मग ती जशीच्या तशी पुढे सोडतो. कोळशाचा डबा नुसता शोभेला. एमपीएफआय इंजिनात जोडणीची सोय आयतीच असते. कार्बोरेटरवर ती करताना आयडलिंग बिघडतं, म्हणून मिस्त्री टाळतात, आणि त्यांचंही सगळंच चूक नाही. उघड्या खळ्यात उभ्या राहणाऱ्या कार्बोरेटरच्या जीपला माझ्या मते व्हॉल्व्ह आणि जाळीची नळी पुरते.

इथेनॉलने यात भर घातली. 2003 साली काही राज्यांत 5 टक्क्यांनी सुरुवात झाली, 2022 च्या जूनमध्ये 10 टक्क्यांचा टप्पा गाठला, 2023 पासून 20 टक्क्यांचं मिश्रण पंपावर येऊ लागलं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. जून ते सप्टेंबर उघड्या व्हेंटने उभ्या असलेल्या टाकीत ते पाणी तळाशी बसतं आणि पत्रा आतून गंजतो. जुन्या रबरी नळ्याही फुगून चिरतात, त्यात व्हेंटची नळी सर्वांत शेवटी आठवते. दोन्ही दिशांना ठरावीक दाबालाच उघडणारा व्हॉल्व्ह अलीकडे जास्त मागितला जातो तो यामुळे. हवेची सततची ये-जा त्याने थांबते.

कायद्याचं थोडक्यात. मूळ रचनेत फेरफार करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चं बंधन आहे आणि 2019 च्या जानेवारीतल्या न्यायालयीन निकालाने ते आणखी आवळलं. 2021 च्या जुलैतले विंटेज नियम 50 वर्षांपुढच्या गाड्यांना आहेत, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल केलेल्या गाड्या त्यांत बसत नाहीत. राहता राहिली पीयूसी. तिथे तपासनीसाची नळी सायलेन्सरात जाते. टाकीची वाफ त्यात मोजलीच जात नाही.