लेहची विमानं सकाळीच का उडतात?

‘लेहला दुपारी हवेतला ऑक्सिजन कमी होतो, म्हणून विमानं सकाळीच उडतात,’ असा निरोप बरीच वर्षं फिरतो आहे. तिथे चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागते, त्यामुळे तो पटणं साहजिकच.

पण ऑक्सिजनचं प्रमाण सकाळी आणि दुपारी सुमारे २१ टक्केच असतं. बदलते ती हवेची घनता. लेहचा विमानतळ साधारण ३,२५० मीटर उंचीवर. हवा मुळातच विरळ. उन्हानं ती तापून पसरते आणि आणखी विरळ होते. मग पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर घटतो, धावपट्टीवर जास्त धावावं लागतं.

हिशोब घरीही करता येतो. त्या उंचीचं प्रमाण तापमान, म्हणजे हिशोबासाठी ठरवलेलं तापमान, उणे ६ अंश धरतात. त्यावरच्या दर अंशामागे विमानतळाच्या उंचीत सुमारे ३६ मीटर मिळवा. २५ अंशांना विमान जणू ४,४०० मीटरवरून उडत असतं!

वाऱ्याचं कारण मला तितकंच मोठं वाटतं. उतार तापले की खोऱ्यात वारा जोर धरतो, आणि डोंगरांमध्ये वळायला जागा थोडी. विमानतळांचे ‘मेटार’ हवामान अहवाल इंटरनेटवर मिळतात; उन्हाळ्यातल्या एखाद्या दिवसाचे सकाळचे आणि दुपारचे ताडून पाहा.