हमाल एक, ओझी दोन

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी ठाण्याला पोहोचली. त्याच वर्षी जर्मनीत गुस्ताव्ह वीडेमान आणि रुडॉल्फ फ्रान्झ यांनी धातूंविषयी एक नियम मांडला. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. तरी रेल्वेचं गाव असलेल्या ठाण्यात हा नियम समजावून सांगायला फार लांब जावं लागत नाही.

नियम असा : जो धातू उष्णता चांगली वाहून नेतो, तोच वीजही चांगली नेतो, आणि ठरावीक तापमानाला या दोन क्षमतांचं गुणोत्तर बहुतेक धातूंत जवळपास सारखंच येतं. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४०० वॉट प्रति मीटर-केल्व्हिन, लोखंडाची सुमारे ८०. म्हणजे उष्णतेत तांबं पाचपट सरस, तर विजेत जवळजवळ सहापट. क्रमही दोन्हीकडे तोच : चांदी, तांबं, सोनं, ॲल्युमिनियम आणि बरंच खाली लोखंड.

असं का, हे त्या दोघांना कळणं शक्यच नव्हतं. इलेक्ट्रॉनचा शोध लागला १८९७ साली. धातूतल्या अणूंचे बाहेरचे काही इलेक्ट्रॉन कुणा एका अणूचे राहत नाहीत, सगळ्या तुकड्यात मोकळे फिरतात. वीज तेच नेतात आणि उष्णतेचा मोठा वाटाही तेच नेतात. हमाल एक, ओझी दोन. तो अडखळला की दोन्ही रखडतात. अणूत इलेक्ट्रॉन ठरावीक कप्प्यांत राहतात; त्यांतला ‘डी’ नावाचा कप्पा तांब्यात पूर्ण भरलेला असतो. लोखंडात तो अर्धवट रिकामा असतो आणि धावते इलेक्ट्रॉन त्या रिकाम्या जागांत जाऊन मंदावतात. अणूच्या पोटातली एवढीशी रिकामी जागा आणि तिचा परिणाम थेट हाताला जाणवावा, हे मला विलक्षण सुंदर वाटतं.

मग लोखंड विजेच्या कामाचंच नाही का? ठाणे स्टेशनात लोकलच्या डोक्यावर २५,००० व्होल्टची तांब्याची तार असते. तिच्यातून गाडीत आलेली वीज चाकांवाटे रुळांत उतरते आणि रुळांतून, काही जमिनीतूनही, उपकेंद्राकडे परतते. तारेचा छेद १०७ चौरस मिलिमीटर, तर मीटरला ६० किलो वजनाच्या रुळाचा साडेसात हजारांहून जास्त. प्रवाह डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा असता, तर या जाडीमुळे रुळाचा रोध तारेहूनही कमी भरला असता. पण इथला एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तनं घेतो आणि पोलाद चुंबकीय आहे. त्यामुळे वीज रुळाच्या पृष्ठभागालगतच्या पातळ थरातूनच वाहते. आतल्या पोलादाच्या वाट्याला फक्त गाडीचं वजन येतं.

लोखंडात १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल मिसळलं की स्टेनलेस स्टील होतं आणि उष्णतावाहकता घसरून १६ च्या आसपास येते. वेगवेगळे अणू कसेही विखुरलेले असल्याने इलेक्ट्रॉनांना सरळ वाटच मिळत नाही. जे क्रोमियम गंज रोखतं, तेच आचही अडवतं! म्हणून नुसत्या स्टीलच्या पातेल्यात ज्योतीवरच्या भागात दूध लागतं आणि बाजूला ते कोमटच राहतं. तीन थरांच्या कढईत दोन पत्र्यांमध्ये ॲल्युमिनियम घालतात ते यासाठीच. विकत घेताना तो थर नुसता बुडाशी आहे की काठापर्यंत गेलाय, हे विचारून घ्या. बासुंदी आटवायची असेल, तर काठापर्यंतचाच हवा.