सात आठवडे बोलायचं नाही

‘ऐकू येतंय का? म्यूट काढा!’ ही ऑनलाइन मीटिंगची नांदी आता पाठ झाली आहे. टीम देशोदेशी पांगलेली असली, की म्होरक्याने सगळ्यांना सतत बोलतं ठेवावं, असं आपण धरूनच चालतो. कृष्णविवराचं पहिलं चित्र काढणाऱ्यांनी मात्र ऐन मोक्याला तोंडाला कुलूप लावलं.

ते चित्र टिपणारी ‘इव्हेंट होरायझन टेलिस्कोप’ ही एक दुर्बीण नव्हे. एप्रिल 2017 मध्ये हवाई, ॲरिझोना, मेक्सिको, चिली, स्पेन आणि दक्षिण ध्रुव अशा सहा ठिकाणच्या आठ रेडिओ दुर्बिणी एकत्र जुंपल्या होत्या. स्पेनमध्ये मध्यरात्र, तेव्हा हवाईत भर दुपार. त्यात 1.3 मिलिमीटरच्या लहरी हवेतली वाफ गिळून टाकते, म्हणजे आभाळ सगळीकडेच कोरडं हवं. हाताशी दहा रात्री, वापरायच्या पाच. रोज प्रत्येक ठाण्याने हवेचा आणि यंत्रांचा हाल सांगायचा आणि मग सगळ्यांसाठी एकच निर्णय: चला, किंवा आज नको. 5, 6, 7 एप्रिलला वेध घेतले. 8 आणि 9 ला थांबले. मेक्सिकोत गडगडाटी ढग जमत होते, ॲरिझोनात वारा सुटला होता. 10 आणि 11 ला काम फत्ते. चांगली रात्र हातची जाऊ देणं हे मला यातलं सर्वांत अवघड काम वाटतं.

आपल्या पुण्याजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 30 अँटेना ऑप्टिकल फायबरने जोडलेल्या आहेत. या जगभरच्या दुर्बिणींची माहिती मात्र इतकी अवाढव्य, की हार्ड डिस्का चक्क विमानाने अमेरिकेत आणि जर्मनीत न्याव्या लागल्या. ध्रुवावर हिवाळ्यात विमानं जात नाहीत, त्यामुळे तिथल्या डिस्का पोचायला डिसेंबर उजाडला.

खरी मेख पुढे होती. इतक्या मोजक्या दुर्बिणींची माहिती म्हणजे निम्म्याहून जास्त तुकडे हरवलेलं कोडं. ते अनेक तऱ्हांनी जुळवता येतं. सिद्धान्त सांगत होता, कृष्णविवराभोवती प्रकाशाचं कडं दिसेल. मग एकाने ‘दिसलं!’ म्हटलं, की बाकीच्यांनाही तेच दिसू लागणार, मेंढरामागे मेंढरू. म्हणून 2018 च्या उन्हाळ्यात संशोधकांचे चार गट पाडले. दोघांनी जुनी पद्धत वापरायची, दोघांनी नवी. सात आठवडे एका गटाने दुसऱ्याला चित्राबद्दल अवाक्षर सांगायचं नाही. एरवी ज्यांचं सगळं काम ईमेल आणि कॉलवर चालतं, त्यांच्यावर ही बंदी!

जुलैमध्ये अमेरिकेतल्या केंब्रिजला चारही चित्रं शेजारी-शेजारी मांडली गेली. चौघांतही कडं होतं, जवळपास 40 मायक्रो-आर्कसेकंद (आकाशातला कोन मोजायचं अतिसूक्ष्म माप) व्यासाचं, खालच्या अंगाला जास्त उजळ. बारकावे मात्र जुळत नव्हते. त्यावरचा काथ्याकूट मग कुठे सुरू झाला आणि जगाला चित्र दिसलं ते 10 एप्रिल 2019 रोजी.