विंटेज कॉस्च्युम ज्वेलरीचा लिलाव-संग्रह

काच, पितळ, कथलाचे मिश्रधातू, बेकेलाइट (सुरुवातीच्या काळातले प्लॅस्टिक) अशा स्वस्त द्रव्यांतून घडवलेले, मुख्यतः विसाव्या शतकातले फॅशनचे दागिने लिलावात बोली लावून जमवण्याचा छंद. ‘नकली’ हा शब्द इथे थोडा अन्यायच करतो. फ्रेंच फॅशन-आरेखक कोको शनेलने 1920 च्या दशकात खोटे मोती उघडपणे मिरवले, तेव्हा कुणाला फसवण्याचा तिचा हेतू नव्हता. न्यूयॉर्कच्या ट्रिफारी कंपनीत 1930 पासून मुख्य आरेखक असलेला आल्फ्रेड फिलिप तर आधी खऱ्या रत्नांचे दागिने घडवणाऱ्या पेढ्यांसाठी काम करत होता. हात तोच, फक्त खडे काचेचे.

वितळवून काही हाती लागत नसल्याने किंमत ठरते ती घडणावळ, निर्माता, अवस्था आणि पूर्वीचा मालक यांवर. 1996 मध्ये न्यूयॉर्कला सदबीज्‌च्या लिलावात अमेरिकी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या पत्नी जॅकलिन केनेडी-ओनासिस यांचा खोट्या मोत्यांचा तीन पदरी हार 2,11,500 डॉलरला गेला. अंदाज होता 500 ते 700 डॉलरचा. अर्थात ती बोली हारावर नव्हती, गळ्यावर होती.

एरवी जाणकार दागिना आधी उलटा करतो. पाठीवर निर्मात्याची नाममुद्रा असते, आणि तीच काळही सांगते. 1955 च्या एका खटल्यात अमेरिकी न्यायालयाने ट्रिफारीच्या बाजूने निकाल देऊन अशा दागिन्यांना कॉपीराइट मान्य केला. नावाशेजारी वर्तुळातला ‘सी’ दिसू लागला तो त्यानंतर. ‘स्टर्लिंग’ असा शिक्का बऱ्याचदा दुसऱ्या महायुद्धाकडे बोट दाखवतो, कारण कथलासारखे धातू युद्धासाठी राखून ठेवल्याने कारागीर चांदीकडे वळले होते. इंद्रधनुषी लेपाचे ‘अरोरा बोरिअ‍ॅलिस’ खडे 1950 च्या दशकाच्या मध्यावर आले. 1930 चा म्हणून मांडलेल्या ब्रोचमध्ये ते चमकले, तर एक तर तारीख चुकली आहे, नाहीतर खडे बदलले आहेत. नाममुद्रा नसलेले दागिने मात्र सरसकट टाकाऊ समजू नयेत. अशाच दागिन्यांची नामवंत अमेरिकी निर्माती मिरियम हॅस्केल हिचे सुरुवातीचे बरेचसे काम बिनशिक्क्याचेच आहे.

मग भिंग. खड्याच्या पाठीला चांदीसारखा वर्ख असतो. त्यात ओल शिरली की खडा काळवंडतो, पिवळा पडतो आणि पुन्हा उजळत नाही. म्हणून असे दागिने पाण्यात बुडवून धुणे हा या छंदातला सर्वांत महागडा उत्साह. नख्यांच्या खाचेत आणि पिनेच्या सांध्यात हिरवा कळंक शोधावा. पिनेभोवती शिशाचा राखाडी डाग दिसला, तर मागाहून डाख दिला आहे असे समजावे.

लिलावात दागिने बहुधा ‘आहे तसे’ विकले जातात, त्यामुळे अवस्था-अहवाल आधी मागवावा. हातोडा पडला त्या किमतीवर खरेदीदाराचे शुल्क चढते; मोठ्या लिलावगृहांत ते पाव हिश्शाच्या घरात असते. बोलीची मर्यादा ते धरूनच आखावी.

नामांकित दागिने सुटे विकले जातात, उरलेले डबाभर एकाच लॉटमध्ये, म्हणजे एकाच बोलीत. त्या डब्यातल्या मोडक्या ब्रोचलाही गिऱ्हाईक असते: जुन्या खड्यांच्या रांगेत नवा खडा बसवला की झळाळी जुळत नाही, म्हणून दुरुस्ती करणारे असे ब्रोच खड्यांसाठी उचलतात.