नॅनो सिल्व्हरची बाटली आमच्याकडे का मिळत नाही

“माशांच्या टाकीचं पाणी स्वच्छ राहायला ते चांदीवालं औषध आहे का?” दुकानात हल्ली वरचेवर विचारलं जातं. बाजारात आहे, आम्ही ठेवत नाही. गर्दीच्या वेळी कारण नीट सांगून होत नाही, म्हणून हा कागद.

नॅनोकण म्हणजे साधारण १ ते १०० नॅनोमीटरचे कण. माणसाचा केस सुमारे ८०,००० नॅनोमीटर जाड असतो, यावरून अंदाज घ्या. चांदीचं नाणं टाकीत पडलं तर माशाला सहसा काही होत नाही. तीच चांदी इतकी बारीक केली की पाण्याला लागणारा तिचा पृष्ठभाग प्रचंड वाढतो आणि तिच्यातून चांदीचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, सुटत राहतात. जंतू मुख्यतः त्यांनीच मरतात. आयनांना जंतू कोण नि मासा कोण, हे कळत नाही.

गोड्या पाण्यातल्या माशाचं रक्त भोवतालच्या पाण्यापेक्षा खारट असतं. अंगातलं मीठ सतत बाहेर झिरपतं आणि कल्ल्यांमधले सूक्ष्म पंप ते पाण्यातून परत ओढून घेतात. चांदी नेमके हेच पंप बंद पाडते. मीठ जातं ते परत येत नाही, रक्त घट्ट होत जातं आणि शेवटी हृदय दगा देतं. तांब्याचंही बरंचसं असंच. जस्त मात्र कॅल्शियमची वाट अडवतं.

बाहेरून काय दिसतं? मासा पाण्याच्या वरच्या थरात येऊन तोंड उघडझाप करतो, कल्ल्यांची झाकणं भराभर हलतात. झाकणाच्या फटीतून लालभडक दिसायला हवा तो कल्ला फिकट असतो, वर शेंबडासारखा चिकट थर. अशा वेळी बहुतेक जण दुसरा एअर पंप लावतात. त्याने फारसा फरक पडत नाही, कारण पाण्यात ऑक्सिजन असतोच. तो आत शिरायची वाट सुजून बुजलेली असते.

दुसरा फटका फिल्टरला. माशांच्या घाणीतून येणारा विषारी अमोनिया संपवणारे स्पंजमधले उपयोगी जिवाणू चांदीने मेले की तो अमोनिया वाढतो आणि चांदीतून वाचलेला मासा अमोनियात सापडतो. आमच्या मते घरच्या टाकीत हाच धोका जास्त.

आरओचं किंवा पावसाचं हलकं, म्हणजे कमी क्षारांचं पाणी असेल तर विषबाधा लवकर होते. जड पाण्यात कण गुठळ्या होऊन तळाशी बसतात, पण मग तळ चाटणाऱ्या माशांच्या पोटात जातात. अंडी घातलेल्या टाकीत तर हा प्रयोग नकोच. जस्ताच्या आणि तांब्याच्या ऑक्साइडच्या नॅनोकणांनी अंडी फुटायला उशीर होतो, काही फुटतच नाहीत.

औषध आधीच टाकलं असेल तर डोस थांबवा. रोज पाव टाकी पाणी बदला; नवं पाणी क्लोरीन काढलेलं आणि त्याच तापमानाचं हवं. फिल्टरमध्ये ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन भरा. स्पंज नळाखाली धुऊ नका, उरलेले जिवाणूही जातील. खाणं दोन दिवस बंद ठेवलं तरी चालेल. दुसरं कुठलंही औषध वर ओतू नका. उरलेली बाटली मोरीत किंवा तळ्यात रिकामी करू नका.

टाकी पुसायचं कापड ‘अँटिबॅक्टेरियल’ आहे का, तेही एकदा पाहा; त्यातही अशीच चांदी असू शकते. हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

शंका असेल तर स्वच्छ बाटलीत टाकीचं पाणी घेऊन या. अमोनिया, नायट्राइट आणि पाण्याचा जडपणा आम्ही तपासून देतो. नॅनोकण मात्र दुकानातल्या किटमध्ये दिसत नाहीत, म्हणून टाकीत जे काही टाकलं असेल त्याचं लेबलही सोबत आणा.