‘सामान्य’ मनोविकार आणि ‘नेहमीपेक्षा’चा घोळ

शहर माणसाचं डोकं फिरवतं हा समज जुना, आकडे मागाहून आले. १९३९ साली शिकागोतल्या वस्त्यांचा अभ्यास छापून आला, पण तो दवाखान्यात पोचलेल्यांपुरताच. मॅनहॅटनमध्ये १९५४ला घरोघरी जाऊन विचारलं गेलं. १,६६० प्रौढांपैकी जेमतेम १८.५ टक्के मनाने धडधाकट निघाले. दोष शहराचा की मोजायच्या पट्टीचा, हा वाद तेव्हापासूनचा.

नावाचा गुंता वेगळाच. १९८०मध्ये मनोविकारांच्या अमेरिकी वर्गीकरणातून ‘न्यूरोसिस’ (नैराश्य, चिंता यांसारख्या विकारांचं जुनं एकत्रित नाव) हा वर्गच काढला गेला. मनोविश्लेषणवाल्या जुन्या पंथाने इतका आरडाओरडा केला की तडजोड म्हणून तो शब्द काही निदानांपुढे कंसात ठेवावा लागला. नैराश्य आणि चिंता वेगवेगळ्या खणांत गेल्या. बाह्यरुग्ण विभागात मात्र त्या एकाच माणसात हातात हात घालून येत राहिल्या. १९९२ला त्यांना पुन्हा एका छत्राखाली आणणारं ‘सामान्य मनोविकार’ हे नाव रुळलं. मराठीत त्याने घात केला. इथे सामान्य म्हणजे ‘अनेकांत आढळणारा’. आपण वाचतो ‘साधा, किरकोळ’.

या विकारांच्या जोखीम घटकांची आजची यादी बरीचशी लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या बायकांच्या १९७८च्या अभ्यासावर उभी आहे: घरात चौदा वर्षांखालची तीन किंवा अधिक मुलं, बाहेर काम नाही, अकरा वर्षांच्या आत आई गेलेली, मन मोकळं करायला कुणी नाही.

पण मोजायचं कशाने? १९७२पासून सर्वाधिक चाललेल्या प्रश्नावलीत विचारतात, काळजीने झोप उडाली आहे का? उत्तरं चार: मुळीच नाही, नेहमीपेक्षा जास्त नाही, नेहमीपेक्षा थोडी जास्त, नेहमीपेक्षा खूप जास्त. पहिल्या दोहोंना शून्य, पुढच्या दोहोंना एक गुण. आता जी बाई दहा वर्षं झोपलेलीच नाही, ती प्रामाणिकपणे दुसऱ्या उत्तरावर खूण करते आणि या प्रश्नापुरती निरोगी ठरते. परवा नोकरी गेलेला पकडला जातो, वर्षानुवर्षं बेकार असलेला सुटू शकतो. मग जुनाट हालअपेष्टा जोखीम म्हणून फिक्या दिसल्या तर नवल काय! १९८५मध्ये दुरुस्ती सुचवली गेली: अशा, त्रासाबद्दल विचारणाऱ्या नकारात्मक प्रश्नांत ‘नेहमीपेक्षा जास्त नाही’लाही एक गुण द्या. आकडे अर्थातच फुगले, आणि बहुतेक सर्वेक्षणांनी जुनीच गुणपद्धती चालू ठेवली.